रात्री दोनला पिंजरा वाजवणारा ससा

प्रश्न : आम्ही ठाण्यात, कोलशेतला वन-बीएचकेत राहतो. आठ महिन्यांचा नर ससा आहे, वजन पावणेदोन किलो. पिंजरा दोन बाय दीड फुटांचा, हॉलमध्ये. रात्री एक-दोनला तो गज चावून पिंजरा खडखडवतो, मधूनच पाय आपटतो. गाजराचा तुकडा दिला की गप्प, तासाभरानं पुन्हा सुरू. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन येऊन गेले. पिंजऱ्यावर चादर टाकावी का?

उत्तर : गाजर आजपासून बंद. वाजवलं की खाऊ येतो, हे तुम्हीच त्याला शिकवलंय. बंद केल्यावर काही रात्री आवाज उलट वाढेल. तेव्हा एकदा जरी उठून तुकडा दिलात, तर ‘अजून जोरात वाजवायचं’ एवढंच तो शिकेल. हाक मारणं, दटावणं, दिवा लावणं हेही नको. काकांना आधीच सांगून ठेवा.

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागा असतो. उकाड्यात तर दुपारभर पसरतो आणि साठलेली रग रात्री काढतो. त्यामुळे त्याला दमवायचं ते संध्याकाळी. सात ते दहा मोकळा सोडा, वायरी उचलून ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भोकं पाडा, चिकटपट्टी आणि पिना काढा, आत सुकं गवत कोंबा. उकरणं, कुरतडणं, लपणं सगळं त्यातच होतं.

मग जेवण. पेलेट्स (सशांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या) दिवसाला वजनाच्या किलोमागे जास्तीत जास्त 25 ग्रॅम, म्हणजे तुमच्या सशाला चाळीस-पंचेचाळीस. निम्मे सकाळी, निम्मे रात्री झोपण्यापूर्वी. पहाटे तो वाजवत असताना मात्र वाटीला हात लावू नका, गप्प झाला की द्या. खरं काम गवताचं. झोपताना त्याच्या अंगाएवढा ढीग ठेवा, टिमोथीचं सुकं गवत किंवा धुऊन निथळलेली हरळी. पेलेट्स मिनिटांत संपतात, गवत चघळायला तास लागतात. दातही त्यानंच झिजतात. गज चावून मात्र दात वाकडे होऊ शकतात.

पिंजरा फारच लहान आहे. जाळीचे पॅनेल जोडून निदान सहा बाय चार फुटांचं कुंपण करा. गज चावण्याचं निम्मं कारण तिथंच जातं. पिंजरा ठेवणारच असाल, तर खुळखुळणारं दार चिंधीनं बांधा. नळीची पाण्याची बाटलीही रात्री टकटक वाजते, त्याऐवजी जड चिनी मातीचा वाडगा ठेवा. खाली घडी केलेलं गोणपाट, त्यावर प्लायवूड, मग ट्रे. रबरी मॅट घातलीत, तर कडा प्लायखाली पूर्ण दडवा. सशाला उलटी होत नाही, गिळलेलं रबर आतड्यात अडकतं.

पाय आपटणं वेगळं. तो धोक्याचा इशारा आहे. इमारतीच्या डक्टमधलं (पाइपांच्या पोकळीतलं) मांजर, उंदीर, फटाके यांमुळे बहुधा होतं. आपटल्या वेळी खिडकीबाहेर पाहा, कारण सापडेल. बाल्कनीत हलवू नका, तिथं मांजरं आणि दुपारचं ऊन दोन्ही.

चादर तीन बाजूंना पातळ सुती चालेल. पूर्ण झाकलंत, तर आत उष्मा आणि मुताचा उग्र वास कोंडतो, आणि अंधार केला म्हणून ससा झोपतो असंही नाही.

तुमच्या पायांभोवती गोल फिरणं, घोगरा आवाज, मुताच्या पिचकाऱ्या हेही असेल, तर नसबंदी करा. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारा. ‘रात्रभर’ म्हणाले, तर दुसरे गाठा. सशाला उपाशी ठेवत नाहीत.

प्रश्न : आमचा ससा (नेरुळ) कालपासून रात्री दात करकर वाजवतो, कोपऱ्यात अंग आखडून बसतो.

उत्तर : कुरवाळताना येणारी हलकी कुरकुर समाधानाची. मोठी करकर आणि आखडलेलं अंग म्हणजे वेदना. हा सवयीचा प्रश्न नाही, आजच सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील, तर रात्रीसुद्धा निघा, सकाळची वाट पाहू नका. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका, पोटात अडथळा नाही हे कळेपर्यंत जबरदस्तीनं भरवूही नका. शेवटच्या लेंड्या पिशवीत घालून न्या. त्यांचा आकार पाहून डॉक्टरांना पोट कधीपासून मंदावलंय याचा अंदाज येतो.