ढिल्या लेथवर अचूक टूल कसं बनतं

तुम्ही विचारलंत की वापरलेला छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापणारं मशीन) हाती आलाय, सोबत तुकडा धरणारा तीन जबड्यांचा चक आणि टेलस्टॉकचा, म्हणजे समोरच्या सरकत्या आधाराचा, ड्रिल चक एवढंच आहे. आधी काय बनवावं, आणि मशीनच थोडं ढिलं असेल तर त्यावर बनवलेली टूल्स अचूक कशी होणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कळलं की पहिल्याचं आपोआप सुटत जातं.

जुन्या चकात ०.१ मिमी रनआउट, म्हणजे फिरताना मधोमध न राहण्याचा फरक, सहज सापडतो. पण जॉब (कापायचा तुकडा) एकदा धरून, न काढता, त्यावर बाहेरचा व्यास, आतलं बोअर (गोल भोक), खाच असं जे काही कापाल ते सगळं स्पिंडलच्याच (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) अक्षाभोवती तयार होतं. चक किती वाकडा धरतो याचा तिथे संबंधच येत नाही. चूक शिरते ती जॉब सोडून उलटा धरताना. म्हणून घरी टूल बनवताना मी कागदावर एकच गोष्ट आधी ठरवतो: कोणते पृष्ठभाग एकमेकांशी जुळलेच पाहिजेत, आणि ते एकाच सेटिंगमध्ये कसे निघतील.

हे मी टेलस्टॉकच्या डाय होल्डरवर शिकलो (डाय म्हणजे रॉडवर बाहेरून आटे पाडणारं गोल टूल), आणि तुम्हीही तोच सर्वांत आधी बनवा. हाताने डाय फिरवून पाडलेले आटे तिरके जातात, नट अर्ध्यावर अडकतो. होल्डर डायला सरळ रेषेत ठेवतो आणि हा त्रास कायमचा मिटतो. माझ्या पहिल्या होल्डरमध्ये मागचं बोअर एका बाजूने केलं, मग तुकडा उलटा धरून डायची खाच कापली. दिसायला छान झाला होता. डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) लावलं तेव्हा खाच आणि बोअर यांच्यात ०.१५ मिमीचा फरक निघाला आणि आटे एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ पडत होते. टाकून दिला.

दुसरा असा केला: साधारण ३२ मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) रॉड धरला, फेस केला (तोंड सपाट कापलं), बाहेरून टर्न केला, आरपार ड्रिल मारलं, १२ मिमीचं बोअर फिनिश केलं आणि त्याच सेटिंगमध्ये तोंडाशी डायची खाच कापली. त्यानंतरच तुकडा कापून वेगळा केला. मेट्रिक गोल डायमध्ये (एम३ म्हणजे ३ मिमी व्यासाचे आटे) एम३ ते एम६ च्या डायचा बाहेरचा व्यास २० मिमी असतो, एम८ चा २५. जाडी मात्र बदलते, एम६ ची ७ मिमी आणि एम८ ची ९. तुमच्याकडच्या डाय व्हर्नियरने मोजून मगच खाच कापा, कारण जुन्या इंची डाय वेगळ्या मापाच्या असतात. खाचेच्या भिंतीतून तीन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले स्क्रू) घ्या: एक डायच्या चिरेत, दोन दोन्ही बाजूंना. आतला गाइड रॉड १२ मिमीचा, टेलस्टॉकच्या ड्रिल चकात धरायचा. त्याला पुढून ७ मिमीचं भोक पाडा, म्हणजे एम६ पर्यंतचे तयार झालेले आटे आत जाऊ शकतील. बोअरमध्ये रॉड घट्ट वाटला तर रॉडलाच बारीक एमरी लावा, बोअरला हात लावू नका. होल्डर रॉडवर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, पण हलवला तर खडखडता कामा नये.

बारा मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं टूल) नसेल तर त्याच कामाचा, अर्ध्या गोल टोकाचा डी-बिट बनवा. सिल्व्हर स्टीलच्या (पाणी देऊन कडक होणाऱ्या पोलादाच्या) रॉडचं टोक सपाट घासायचं, जाडी व्यासाच्या अर्ध्याहून किंचित जास्त ठेवायची, अर्ध्याच्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही. पुढच्या धारेला थोडा क्लिअरन्स द्यायचा. मग पाणी द्यायचं, म्हणजे कडक करायचं: लाल होऊन चुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडं तापवून सरळ उभं पाण्यात बुडवायचं. आडवं बुडवलं तर वाकतं. नंतर घासून चकचकीत करून हलक्या गव्हाळ रंगापर्यंत, म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसवर टेंपर करायचं (पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा). डी-बिट स्वतःहून रस्ता शोधत नाही. आधी ड्रिलने भोक किंचित लहान ठेवून तोंडाशी काही मिमी बोरिंग टूलने अचूक मापाला आणावं लागतं, मग तो त्या रेषेत सरळ आत जातो.

दुसरं टूल म्हणजे स्पिंडलच्या मागच्या टोकाला बसणारं हातचं हँडल. एका चिरलेल्या बुशमध्ये (पोकळ नळकांड्यात) निमुळता कोन ओढून घेतला की बुश फुगतं आणि स्पिंडलच्या बोअरमध्ये पकडतं. खांद्यापर्यंत आटे पाडताना याच्याइतकं सुखाचं काही नाही. मोटर बंद, हाताला प्रत्येक कापणं जाणवतं. पण हँडल लावण्याआधी प्लग काढायचाच. चुकून मोटर सुरू झाली तर ते हँडल हात मोडू शकतं. मी त्याची खुंटी स्विचशेजारीच ठोकली आहे, खुंटी रिकामी दिसली की स्विचला हात लावत नाही.

कॅरेज स्टॉप, म्हणजे कापणारं टूल वाहून नेणाऱ्या कॅरेजला ठरल्या जागी अडवणारा ठोकळा, तासाभराचं काम आहे. बेडवर घट्ट बसणारा ठोकळा आणि त्यात एम६ चा बोल्ट. एम६ चा पिच (एका फेरीत बोल्ट सरकतो ते अंतर) १ मिमी असतो, त्यामुळे बोल्टच्या नॉबवर ५० भाग पाडले की एक भाग ०.०२ मिमी. लॉकनट विसरू नका.

चार जबड्यांचा चक (ज्याचा प्रत्येक जबडा वेगळा सरकवून जॉब मधोमध आणता येतो) लगेच घ्यायला जमत नसेल तर चिरलेली बुश बनवत राहा. ॲल्युमिनियमचा तुकडा धरा, जॉबच्या मापाचं बोअर करा, पहिल्या जबड्यासमोर खूण करा, मग काढून एका बाजूने चीर द्या. पुन्हा धरताना खूण त्याच जबड्यासमोर आणा. आटे असलेला जॉबही न दबता मधोमध धरला जातो. माझ्याकडे अशा बुशांचा डबाच भरलाय.

अचूक मशीनशिवाय अचूकता जन्माला येते यावर विश्वास बसत नसेल तर इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांची पद्धत पाहा. सपाट धातूचे पृष्ठभाग कसे तयार करावेत यावर त्यांनी १८४० मध्ये ग्लासगोत निबंध वाचला होता. दोन प्लेट एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या जुळतात. तिसरी प्लेट घेऊन तिन्ही आलटून पालटून जुळवल्या की फुगवटा लपायला जागाच उरत नाही. आधीची सपाट प्लेट कुठेच लागत नाही. तुमचा काटकोन्या तपासायलाही हाच विचार वापरा: रेघ ओढा, उलटा करा, त्याच कडेवरून पुन्हा ओढा. दोन रेघा फाकल्या तर दिसतं ते अंतर चुकीच्या दुप्पट असतं.

दोन गोष्टी मात्र घरी बनवू नका. ग्राइंडरच्या दगडावरचं कव्हर आहे तसंच राहू द्या, आणि टूल रेस्ट दगडापासून ३ मिमीपेक्षा लांब जाऊ देऊ नका. ट्रेडमिलची मोटर लेथला लावायचा मोह अनेकांना होतो. मोटर चांगलीच असते, पण तिचा कंट्रोलर बहुधा थेट मेन्सवर चालतो आणि मोटर उघडी असल्याने लोखंडी कीस आत ओढला जातो. ते काम वायरिंग जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

डाय मोजल्या की मापं लिहून कळवा, विशेषतः त्या इंची आहेत का ते. खाचेचा व्यास त्यावरूनच ठरेल.