पाठ आहे, पण ओळखता येत नाही

"मॅडम, नाऊनचे पाचही प्रकार घडाघडा म्हणतो, पण पेपरात नेमकं तिथंच चुकतो." सहामाहीचे पेपर घरी आले की निदान चार-पाच आया माझ्यासमोर बसून हेच सांगतात. त्यातल्याच एकीचा सातवीतला मुलगा.

पहिल्या दोन भेटींत तो फारसा बोललाच नाही. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट ही माळ मात्र एका दमात म्हटली. मराठीच्या तासाला नामाचे तीनच प्रकार शिकला होता. इंग्रजीत पाच कसे झाले, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. समूहवाचक (कलेक्टिव्ह) आणि पदार्थवाचक (मटेरियल) नामं आपण मराठीत सहसा सामान्यनामातच धरतो, एवढंच तर आहे!

तिसऱ्या भेटीत वहीत 'माय हेअर्स आर ब्लॅक'वर लाल फुली दिसली.

"हे का चुकलं रे?"

"माहीत नाही." मग हळूच, "पण मॅडम, केस तर खूप असतात ना?"

मी पेन खाली ठेवलं. पोरगा मराठीत अगदी बरोबर विचार करत होता! आपले केस अनेकवचनी. इंग्रजी मात्र डोक्यावरचे सगळे केस दुधासारखे एकत्र धरते. आमटीत सापडलेला एकच केस तेवढा 'अ हेअर'. आपण दोन सल्ले देतो, इंग्रजीत 'ॲडव्हाइस'ला एस लागत नाही. चुकीमागचा विचार आधी शोधावा, या माझ्या हट्टाला सहकारी हसतात. हसोत.

हे ऐकून तो ताठ बसला. "दूध मोजत नाहीत, मग टपरीवर 'दोन चहा' कसं म्हणतात?"

"तूच सांग."

"दोन कप... म्हणजे शब्द तोच, काम वेगळं?"

हे मी शिकवलं नव्हतं, फक्त गप्प बसले होते. तेही जमावं लागतं.

आईला एवढंच सांगितलं, की व्याख्या म्हणवून घेणं महिनाभर थांबवा. सुटा शब्द देऊन प्रकार विचारू नका, वाक्य द्या. 'ग्लास' खिडकीची काच असेल तर पदार्थ, पाण्याचा पेला असेल तर वस्तू. 'आयर्न' म्हणजे लोखंड की इस्त्री, हे वाक्यच सांगतं. आणि फुली दिसली की रागावण्याआधी "तुला काय वाटलं होतं?" हे विचारा.

पुढच्या भेटीत तो चपला काढता काढताच म्हणाला, "मॅडम, अंगणात असली तर 'अ चिकन', ताटात आली की नुसतं 'चिकन'!"