गावातली विषमता मोजताना: वाचकांचे प्रश्न

रावेर: गावातली उत्पन्नाची विषमता मोजायची आहे. उत्पन्नाचे दाखले गोळा केले तर चालेल?

नाही चालणार. दाखल्यावरचा आकडा बहुतेक वेळा योजनेची मर्यादा बघून सांगितलेला असतो. घरोघर विचारा आणि जुलै ते जून असं कृषी वर्ष धरा. पिकाच्या पैशातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं वजा करा. घरी खायला ठेवलेली दादर (रब्बी ज्वारी) बाजारभावाने उत्पन्नात मिळवा. भाव वाढेल म्हणून घरात साठवलेला कापूसही त्याच वर्षाचा धरा.

केळीवाल्यांचं मात्र एका वर्षावर भागत नाही. बाग कापणीला यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. मग एका वर्षी हातात काहीच नाही आणि पुढच्या वर्षी दोन बागांचे पैसे एकदम, असंही होतं. अशा घरांची तीन वर्षांची सरासरी घ्या, नाहीतर नुसत्या चढउतारालाच विषमता समजून बसाल. शेवटी घरातल्या माणसांच्या संख्येने भागा.

चाळीसगाव: ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम उचल देतो. ती उत्पन्नात धरायची का?

धरू नका, उचल हे कर्ज आहे. टनामागे पडलेली मजुरी हे उत्पन्न, मग ती हातात न येता उचलीत वळती झाली तरी. दोन्ही धरलंत तर सगळ्यात गरीब घर कागदावर दुप्पट कमावतं. न फिटलेली उचल वेगळ्या रकान्यात लिहा.

शिरपूर: गिनी गुणांक हाताने काढता येतो का?

येतो. गिनी म्हणजे विषमता सांगणारा एक आकडा, तो जितका मोठा तितकी विषमता जास्त. माणसांची संख्या सारखी असलेली पाच घरं घेऊ. वार्षिक उत्पन्न हजारांत, चढत्या क्रमाने: ६०, ९०, १२०, २१०, ५२०. बेरीज १,०००. प्रत्येक आकड्याला त्याच्या क्रमांकाने गुणा (६०×१, ९०×२...) आणि बेरीज करा: ४,०४०. तिची दुप्पट ८,०८०. घरांची संख्या गुणिले एकूण उत्पन्न म्हणजे ५,०००. त्याने भागलं की १.६१६. त्यातून ६/५ (घरांची संख्या अधिक एक, भागिले घरांची संख्या) म्हणजे १.२ वजा करा. उरले ०.४१६. सगळ्यांचं उत्पन्न सारखं असेल तर उत्तर शून्य येतं. क्रम चुकला तर सगळंच चुकतं, म्हणून अनुदान मिळवल्यावर यादी पुन्हा लावून घ्या.

धुळे: शेतकरी सन्मान निधीने विषमता कमी होते का?

वरचीच पाच घरं घेऊ. पहिलं भूमिहीन मजुराचं, बाकीची चार जमीनवाल्यांची. केंद्राचे ६,००० आणि राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे ६,००० मिळून प्रत्येक जमीनवाल्याला वर्षाला १२,००० धरू, म्हणजे एकूण ४८,०००. गिनी ०.४१६ वरून ०.४०६ वर येतो. विषमता घटली म्हणून सांगायला मोकळे! पण मजुराचा एकूण उत्पन्नातला वाटा ६ टक्क्यांवरून ५.७ वर उतरलेला असतो.

तेच ४८,००० पाचही घरांना सारखे वाटले तर गिनी ०.३९७. खालच्या दोन घरांना २४,००० प्रमाणे दिले तर ०.३६९. पैसा तेवढाच, फरक पडतो तो कुणाला दिला यानेच. म्हणून गिनीच्या शेजारी तळच्या घराचा वाटा लिहिल्याशिवाय अहवाल पुरा समजू नये.

कराची बाजूही मांडा. पाचवं घर केळीवर ५ लाख २० हजार कमावत असेल तर त्यावर आयकर नाही, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. साबणावरचा जीएसटी मात्र मजूरही भरतो. तो वजा न करता नुसतं अनुदान मिळवलं की पुनर्वाटप आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

नंदुरबार: सरकारी सर्वेक्षणात २०२३-२४ चा ग्रामीण भारताचा गिनी ०.२३७ आहे. तुमच्या उदाहरणात एवढा जास्त का?

आमची घरं उदाहरणापुरती आहेत, पण मुख्य फरक मोजमापाचा. सर्वेक्षणातला आकडा उपभोग खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. मोठं घर सगळं खर्चत नाही. उरलेलं सोन्यात आणि जमिनीत जातं. गरीब घर उसनवारी करून खातं. त्यामुळे खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीहून सहसा लहान निघते. ०.२३७ ची तुलना २०२२-२३ च्या ०.२६६ शी करा, कारण तोही खर्चाचाच आहे.