वस्तीजवळ कब्रस्तान होत असल्यास रहिवाशांना ते थांबवता येते का? (नागपूर)

आक्षेप घेता येतो. मात्र ‘आम्हाला ते येथे नको’ एवढे कारण पुरेसे ठरत नाही. मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा उपलब्ध करून देणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि प्रारूप विकास योजनेत (शहरातील जमिनीच्या वापराच्या मसुद्यात) कब्रस्तानासाठी जागा राखीव दाखवली गेल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार विहित मुदतीत लेखी हरकत नोंदवता येते.

या हरकतीत वजन असते ते भूजलाच्या मुद्द्याला. जवळ पिण्याच्या पाण्याची विहीर आहे का, पावसाळ्यात पाणी किती वर येते, नागपुरातल्या काळ्या मातीतून निचरा कसा होतो, हे भूजल तपासणीतून ठरवता येते आणि त्यानुसार जागा बदलताही येते. मुस्लिम दफनात मृतदेह रसायने न भरता साध्या सुती कफनात ठेवला जातो, हेही येथे ध्यानात घ्यावे. घरांचे भाव पडतील ही भीती मला समजते. पण मोमीनपुऱ्याचे कब्रस्तान भर शहरात, दाट वस्तीला लागून आहे, आणि स्मशानघाटांशेजारीही लोक राहतातच.

२०२० मध्ये वांद्रे येथील कब्रस्तानात कोविड रुग्णांच्या दफनाला रहिवाशांनी विरोध केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना सन्मानपूर्वक अंत्यविधीचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये (जगण्याचा हक्क) येतो असे मानले. नागपूर खंडपीठ त्याच न्यायालयाचे असल्याने केवळ धर्मावर बेतलेली हरकत येथेही टिकणे कठीणच.