नोटीस न्यायाधीशांवरच्या वाक्याची, चूक मात्र दुसरीकडे

प्रश्न : मी तालुका न्यायालयात सहा वर्षं वकिली करते. एका वृद्ध पक्षकार बाईंच्या पोटगीच्या अर्जावर २३ तारखा पडल्या. वैतागून मी फेसबुकवर लिहिलं. त्यांचं नाव, मुलाने काय काय केलं त्याची त्यांनी मला सांगितलेली हकीकत, ‘साहेब साडेबाराशिवाय बसत नाहीत’ आणि शेवटी ‘इथे पैसेवाल्यांचंच काम होतं’. तक्रार झाली, बार कौन्सिलची (वकिलांच्या नियामक संस्थेची) नोटीस आली. पोस्ट काढून बिनशर्त माफी मागू का? सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाईल का?

उत्तर : ताई, सरसकट माफी मागू नका. २३ तारखा पडल्या असतील तर तसं सांगणं हे गैरवर्तन नाही. वकील झाल्याने अनुच्छेद १९(१)(क) चा हक्क संपत नाही. रोजनाम्याच्या (न्यायालयातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला काढा आणि उत्तराला जोडा. साहेबांच्या वेळेबद्दलही रोजनाम्यात किंवा इतरत्र काही आधार मिळतो का ते पाहा. तशी तक्रार लेखी स्वरूपात प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे करणं हा तर वकिलाचा हक्क आहे, आणि बार कौन्सिलचे नियमच तसं सांगतात.

शेवटचं वाक्य मात्र तुम्हाला सांभाळता येणार नाही. तो थेट भ्रष्टाचाराचा आरोप आहे. न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ५ चं संरक्षण अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणावरच्या रास्त टीकेला आहे, तुमचा अर्ज अजून चालू आहे. कलम १३ खाली सत्याचा बचाव घेता येतो, पण त्यासाठी हातात पुरावा लागतो. तो नसेल तर तेवढ्या एका वाक्याबद्दल स्पष्ट शब्दांत दिलगिरी व्यक्त करा. बाकीच्या मजकुराबद्दल नको.

सनदेची भीती आज नको. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ नुसार कौन्सिलला आधी प्रथमदर्शनी कारण दिसावं लागतं. मग प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं आणि तिथे तुमचं म्हणणं ऐकलं जातं. तक्रार फेटाळणं, ताकीद, निलंबन, सनद रद्द, यांपैकी काहीही होऊ शकतं. निर्णय विरोधात गेला तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील आहे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालय.

मला खरी काळजी वाटते ती नोटिशीत नसलेल्या गोष्टीची. त्या बाईंनी घरातलं दुःख तुम्हाला वकील म्हणून सांगितलं होतं. ते नावानिशी गावासमोर मांडायला त्यांची स्पष्ट संमती होती का? भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलाला नेमकं हेच बंधन घालतं. सांगून टाकते, व्यवसायाच्या नियमनापैकी हा भाग मला मनापासून पटतो. न्यायाधीशांवर टीका करण्याचा हक्क तुमचा आहे, पण पक्षकाराचं गुपित तुमच्या मालकीचं नाही.

म्हणून आजच पूर्ण पोस्टचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, मग ती काढा, आणि का काढली ते उत्तरात लिहा. त्याआधी बाईंना भेटून झालेलं सगळं सांगा. कोणी कितीही सुचवलं तरी त्यांच्याकडून मागच्या तारखेचं संमतीपत्र मात्र लिहून घेऊ नका.