नाशिकमध्ये कविता करतो. एका ‘विश्व’ साहित्यिक-कलावंत संघटनेने सभासद व्हायला बोलावलंय, फी भरावी का?

पहिल्याच निरोपात क्यूआर कोड आला असेल तर भरू नका.

अशोक स्तंभाजवळ माझं छपाईचं दुकान आहे, त्यामुळे असली ‘विश्वं’ मी कोऱ्या कागदापासून बघतो. मागच्या थंडीत एका संघटनेचे विभागीय अध्यक्ष सन्मानपत्रांचं काम घेऊन आले. ३०० जीएसएमचा जाडजूड कागद, सोनेरी फॉइल, कोपऱ्यात पृथ्वीचा गोल, वर ‘जागतिक सांस्कृतिक जाणीव सन्मान’. म्हटलं, नावं द्या, प्रूफ काढतो. तर म्हणे जागा मोकळी ठेवा, ‘नोंदणी’ चालू आहे. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी! रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक नाव येत होतं, सोबत ‘पेमेंट आलं, घ्या’. आंतरराष्ट्रीय कशावरून, तर अध्यक्षांचा भाचा न्यू जर्सीला असतो. एका बाईंच्या आडनावात ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली म्हणून फोन केला, तर म्हणाले, राहू द्या हो, फ्रेममध्ये कोण वाचतंय.

मी आधी पैसे घेतले, मग मशीन लावलं.

त्या यादीत शेवटी शेवटी आमच्या साडूंचं नाव आलं. यावरून आमचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, नाशकात बसून लिहिलेलं गोदाघाट ओलांडत नाही, जगाशी जोडून घ्यायला असं व्यासपीठ लागतं. अहो, तात्यासाहेब शिरवाडकर नाशकातच राहिले ना? शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ त्यांनी ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणलं, १९८७चं ज्ञानपीठही मिळालं. कुठल्या विश्वसंघाची पावती फाडली होती त्यांनी?

खरी संघटना बघायची तर लेखकांची पेन इंटरनॅशनल बघा. १९२१ साली लंडनमध्ये सुरू झाली, पहिले अध्यक्ष जॉन गाल्सवर्दी. आपल्याकडे सोफिया वाडियांनी मुंबईत तिचं केंद्र काढलं आणि त्यांच्या १९४५च्या जयपूर परिषदेला ई. एम. फॉर्स्टर आले होते. १९६० पासून तुरुंगात टाकलेल्या लेखकांसाठी पेन इंटरनॅशनलची वेगळी समिती आहे. कार्यक्रमात अशा लेखकाच्या नावाने मंचावर एक खुर्ची रिकामी ठेवतात. साडूंच्या सोहळ्यात मंचावर खुर्च्या कमी पडल्या होत्या, मागाहून प्लास्टिकच्या मागवल्या.

आता वर्गणी असणं वाईट नाही, ती आपल्या सावानालाही (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) असते आणि पेनच्या केंद्रांनाही. तुम्हाला बोलावणारे लोक खरे असतीलही, मला त्यांचं नाव कुठे माहीत आहे! आजवर कुणाचे अनुवाद केले, अंक कधी निघतो, कुठल्या लेखकासाठी उभे राहिलात, एवढं विचारा. उत्तरात ट्रॉफीचे फोटो आले तर नंबर ब्लॉक करा.

आणि जग हवंच असेल तर कळवण-सटाण्याकडच्या एखाद्या अहिराणी कवीच्या चार कविता हिंदीत नेऊन दाखवा. साडूंना हेच सुचवलं होतं. त्यांनी विचारलं, वर नाव कुणाचं येणार?