खोडदला आपला हॅकिंगवाला ग्रुप न्यायचाय? मग हे वाच

पहिली सहल जीएमआरटीलाच (आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण) काढ, उगाच रिसॉर्टच्या नादी लागू नकोस. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना पांगलेल्या. भेटीसाठी आधी परवानगी लागते, तीही बहुधा शुक्रवारची मिळते. म्हणजे नोकरीवाल्यांना रजा टाकावी लागणार, तेव्हा तारीख महिनाभर आधी सांग.

खरी डोकेदुखी आपलीच मंडळी. दुर्बीण १५० ते १५०० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकते आणि आपल्यातला प्रत्येक जण खिशात एक तरी ट्रान्समीटर घेऊन फिरतो, त्याचा तिला अडथळा. फोन, स्मार्टवॉच, ब्लूटूथ इअरफोन सगळं पूर्ण बंद, नुसता फ्लाइट मोड नको. वॉकीटॉकी आणि वायफायची खेळणी घरीच. 'जरा नेटवर्क स्कॅन करून बघू' म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला गाडीत बसायच्या आधीच गाठ. तिथलं नेटवर्क हा आपला विषय नाही.

डिशजवळ गेलात की जाळी नीट बघा. पत्रा नाही, स्टीलच्या तारांची जाळी आहे, ताणलेल्या तारेच्या दोरांवर बसवलेली. वारा आरपार जातो, म्हणून वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात. ही करामत रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. यापेक्षा मोठं हॅकिंग कुठलं दाखवणार?

पैसे आगाऊ घे, 'येतो रे' म्हणणाऱ्याला मोजू नकोस. आणि चाकणच्या ट्रॅफिकला धरून पहाटेच निघा, मिसळ नारायणगावात.